सोळा पानांचं भाषण आणि एक बोकड

"असं भाषण ठोकतो, की बिबियाना निवृत्ती मागेच घेईल!" पात्रसने जामटोलीच्या चौकात जाहीर करून टाकलं.

बिबियाना सोरेंग म्हणजे गावचीच पोर. बांबूच्या काठीने हॉकी शिकली आणि अठरा वर्षं देशाकडून खेळली. तिच्या प्रत्येक सामन्याला पात्रसचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद! तिने निवृत्ती जाहीर केल्यापासून गड्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता ओरडायचं तरी कुणासाठी?

निरोपाचा सामना गावातच ठरला, खस्सी स्पर्धेत. जो संघ जिंकेल त्याला खस्सी, म्हणजे चांगला धष्टपुष्ट बोकड, आणि संध्याकाळी गावजेवण. गेल्या साली बोकड ऐनवेळी जंगलात पळाला होता.

"यंदा बोकडही मीच सांभाळणार!" म्हणत पात्रसने दोरी थेट स्वतःच्या कमरेला बांधली.

"अहो, भाषण तरी माझ्याकडे द्या," त्याची बायको सलोमी म्हणाली.

"तू हरवशील!" पात्रसने सोळाच्या सोळा पानं मागच्या खिशात खोचली.

सामना रंगला. एक-एक बरोबरी, पाच मिनिटं बाकी. तेवढ्यात मागून कुणीतरी खिसा ओढला. शेजारच्या घरातल्या मानसिदला असा खिसा ओढून खैनी, म्हणजे तंबाखू, मागायची खोडच होती.

"थांब रे मानसिद! बिबी चेंडू घेऊन निघालीय!"

पुन्हा ओढ.

"अरे मेल्या, देतो म्हटलं ना!"

"मी कुठे काय मागतोय?" मानसिद पुढच्या रांगेतून म्हणाला.

पात्रस वळणार, तोच बिबियानाने गोल ठोकला! पात्रसने उडी मारून अशी आरोळी दिली की बोकड बिथरला आणि सुसाट मैदानात! मागे पोटावर घसरत पात्रस! पंच शिट्ट्या फुंकतोय, बोकड कुणाला जुमानतोय! शेवटी बिबियाना आडवी धावली आणि स्टिकच्या वाकड्या टोकात दोरी अडकवून तिने दोघांनाही थांबवलं. अठरा वर्षं भल्याभल्यांना अडवलेली बाई ती, बोकडाचं काय घेऊन बसलात! गोलपेक्षा जास्त टाळ्या या अडवण्याला पडल्या.

बिबियानाच्या संघाने सामना जिंकला. पात्रसच्या हातात माईक आला. त्याने खिशात हात घातला. खिसा रिकामा! बोकड मात्र शांतपणे शेवटचं पान चघळत होता.

"भाषण... बोकडाने खाल्लं," पात्रस म्हणाला. लोक हसून हसून लोळले. पात्रसचे मात्र डोळे भरून आले.

"बिबी, सोळा पानांत एकच गोष्ट होती गं. तू खेळायचीस ना, तेव्हा हा पंक्चरवालासुद्धा स्वतःला कुणीतरी समजायचा. नको ना जाऊस!"

बिबियानाने डोळे पुसले आणि माईक हिसकावला.

"काका, मी देशाच्या संघातून निवृत्त झालेय. खस्सी स्पर्धेतून कोण निवृत्त होतंय? दर वर्षी येणार! तुम्ही फक्त ओरडायला या!"

मग काय! नगारे वाजले, पोरींनी बिबियानाला खांद्यावर घेतलं आणि बिबियानाच्या हट्टामुळे पात्रसलाही! दोरी सोडायचं कुणाला सुचलंच नाही, त्यामुळे बोकडाचीही मिरवणूक निघाली.

संध्याकाळी जेवणाची पानं मांडली, तरी मटण काही शिजेना.

"सलोमी, अगं लोक ताटकळलेत! किती वेळ?" आजचा मानकरी रुबाबात गरजला.

सलोमीने शांतपणे पळी फिरवली.

"अहो, दम धरा जरा. तुम्ही भाषण वाचायला घेतलं असतंत, तर अजून सगळे मैदानातच बसलो असतो!"