मुक्या संगणकाची मोहीम

वंदन शारदेस, आणि वंदन त्या मौनास, ज्याचे मांडीवर सर्व नाद निजतात. वाचणाराचे कान सुखी असोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढ मासीचे वर्तमान ऐसे जे, तिसरे मजल्यावर दोन खोल्यांचे एक राज्य होते आणि तेथे पुष्कराजराव राज्य करीत. राजियांचा उद्योग संगणकाचे प्रोग्राम लिहिणे, आणि लिहून शिणले म्हणजे त्याच संगणकावर खेळातले गड घेणे. राणीसाहेब चारुलताबाई दृष्टिहीन मुलांकरिता पाठ्यपुस्तके वाचून त्यांची बोलकी पुस्तके करीत. दुसरे खोलीचे खिडकीखाली पिठाची गिरणी, सबब वाचन राजियांचेच खोलीत होई, आणि आवाज राजियांचेच संगणकात साठविला जाई. तो संगणक नऊ वर्षांचा, दमेकरी. काम सांगावे तर धापा टाकी, खेळ लावावा तर आरोळी ठोकी, आणि राणीसाहेब धड्याचे ऐन रंगात आल्या म्हणजे मूर्च्छा येऊन निळा पडे. मग एके दिवशी ही पुस्तके करविणाऱ्या संस्थेच्या तपासनीस इंदुमतीताई, ज्यांस दृष्टी नाही परंतु कान ऐसे की पानावरून मुंगी चालली तरी कोणीकडे चालली ते सांगावे, त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "चारू, हा धडा विमानात बसून वाचलास का गं?"

राणीसाहेब म्हणाल्या, "नाही हो ताई, घरीच."

"मग घर उडतंय तुझं. मागं सारखं घूं घूं. हे बघ, दिवाळीच्या आत चारी पुस्तकं स्वच्छ दे, नाहीतर मला दुसरीकडं द्यावी लागतील. मुलांची परीक्षा थांबत नाही."

राणीसाहेबांनी फोन ठेविला आणि राजियांकडे नुसते पाहिले. राजे समजायचे ते समजले, आणि नवा संगणक आपले हाते जुळवावा, तो मुका असावा, मूर्च्छा न येणारा असावा, त्यावर प्रोग्रामही लिहावे आणि गडही घ्यावे, ऐसी प्रतिज्ञा केली. येथून कटकटीस आरंभ जाहला.

मसलतीस बालमित्र पराशरपंत बोलाविले. पंतांनी दहा जणांचे संगणक जुळविले होते, आणि त्यांचा स्वतःचा तीन वर्षे टेबलावर उघडा पडला होता. राजियांनी यादी करावी आणि पंतांनी ती मोडावी, ऐसा क्रम पडला.

"हा प्रोसेसर घेतोस? अरे वेड्या, कार्तिकात नवा येतोय."

"मग मी आषाढात काय करू?"

"थांब."

"आणि कार्तिकात काय येईल?"

"त्याच्या पुढच्याची बातमी," पंत शांतपणे म्हणाले आणि चहा प्याले. मग म्हणो लागले, कॅबिनेट काचेचे घे, आत सात रंगांचे दिवे लाव. राजे कळवळून बोलले, "पऱ्या, मला ऐकू न येणारा पाहिजे रे! तू मला वरातीचा घोडा सजवून देतोयस." मग पंत रुसले, मग राजियांनी वडापाव घालून समजूत केली, आणि मग पुनः नवी यादी जाहली. परदेशीचे कोणी गृहस्थ पंख्यांपुढे माईक धरून त्यांचे आवाज मोजितात, त्यांच्या चित्रफिती राजे जेवताना पाहत, आंघोळीस जाताना पाहत, आणि राणीसाहेब भाजीस मीठ पुरे का म्हणून पुसत तो "बावीस डेसिबल" म्हणून उत्तर देत. श्रावण गेला. भाद्रपद गेला. एकतीस याद्या जाहल्या, एक स्क्रूही घरी आला नाही. इकडे राणीसाहेब भर उकाड्यात डोईवरून गोधडी घेऊन आत वाचू लागल्या, आणि घामाने पान भिजे, आणि अक्षर विरघळे. इंदुमतीताईंनी तेही परत धाडिले. म्हणाल्या, "विमान गेलं गं, पण आता तू पोत्यात आहेस."

मग राणीसाहेब गोधडीतून बाहेर आल्या. केस कपाळास चिकटलेले, मुद्रा तापलेल्या तव्यासारखी. म्हणाल्या, "पुष्कर, एकच विचारते. या यादीतला गप्प कोण बसतो? जो बसतो तो आण. बाकीच्यांचं मला कौतुक सांगू नकोस."

हे वाक्य राजियांचे काळजात सुईप्रमाणे गेले, आणि त्यांस प्रथमच दिशा दिसली. मग सेनापतीचे जागी थोरला तापट प्रोसेसर नको, मधला थंड डोक्याचा घेतला. ग्राफिक कार्ड ऐसे पाहिले की खेळ नसता त्याचे पंखे स्वस्थ निजावे. मेमरी तीच, जी मदरबोर्डवाल्यांनी आपले यादीत पसंत म्हणून लिहिली, म्हणजे दोघांची भांडणे होऊन मूर्च्छा न यावी. पॉवर सप्लाय गरजेहून दुप्पट ताकदीचा, जेणेकरून त्यास धाप न लागावी. पंखे थोर आणि संथ, कारण लहान पंखाच फार बोंबलतो, हे राज्यात सर्वत्र अनुभवास येते. कॅबिनेटास आतून आवाज गिळणारा जाड नमदा, आणि उष्मा निघावा म्हणून माथ्यावर जाळी, जाळीखाली एक पंखा. आश्विन शुद्ध सप्तमीस राजियांनी मांडी घालून, जीभ दातांत धरून, सर्व जुळविले आणि बटण दाबिले. खोलीत काही जाहले नाही.

राणीसाहेब म्हणाल्या, "बिघडला का?"

राजे म्हणाले, "अगं, केव्हाचा चालू आहे!"

तो आनंद दोन दिवस टिकला. नवमीस खंडेनवमी, आयुधे पुजावयाचा दिवस. राजियांनी कीबोर्ड मांडिला, स्क्रू ड्रायव्हर मांडिला, मध्ये संगणक उभा केला, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले, आणि पंतांसह दोघांनी मूठ मूठ अक्षता मोठ्या भक्तीने वरून टाकिल्या. दुसरे दिवशी सोने वाटून आले, बटण दाबिले, तो संगणक खडखडू लागला. राजियांचे तोंडचे पाणी पळाले. पंत म्हणाले, पॉवर सप्लाय गेला. मग म्हणाले, कार्ड सैल. मग म्हणाले, "तरी सांगत होतो, कार्तिकापर्यंत थांब." राजियांनी सर्व अवयव काढिले, पुसले, पुनः बसविले. आणि संतापाची गोष्ट ही की, उघडावया आडवा पाडावा तर गरीब गाईसारखा गप्प, आणि झाकून उभा करावा तर पुनः खडखड. आठ दिवस हेच चालिले. दिवाळीस नऊ दिवस उरले. एक पुस्तकही जाहले नव्हते. राजे संगणकापुढे बसून म्हणाले, "बाबा रे, तुला काय पाहिजे ते तोंडानं सांग," आणि त्यांनी हात जोडिले.

तेव्हा राणीसाहेब आल्या, वाकून संगणकाचे माथ्यास कान लाविला, आणि डोळे मिटून क्षणभर ऐकिले. मग म्हणाल्या, "हा तांदूळ आहे."

पंत म्हणाले, "वहिनी, हा संगणक आहे."

"सुपात पाखडताना असाच वाजतो तांदूळ. वरून मुठी कोणी रिकाम्या केल्या?"

दोघे थोर पुरुष फरशीकडे पाहू लागले. राणीसाहेबांनी जाळी काढून, भुवयांचा चिमटा घेऊन, पंख्यातून सात दाणे वेचिले, कुंकवाने लाल, आणि झेंडूची एक पाकळी. वेचिता वेचिता ओवी म्हटली,

पंख्याच्या पोटी बाई, कोण पाखडीत बसली
राजाच्या हातची गं, अक्षत फसली

पंत हळूच म्हणाले, "वरची जाळी मला आधीपासूनच पटली नव्हती." त्यांस त्या दिवशी चहा मिळाला नाही.

मग वाचन सुरू जाहले. संगणक चालू आहे हे हात लावूनच कळे. राजे कोपऱ्यात बसून राहिले, आणि संसाराचे सहा वर्षांत प्रथमच त्यांस राणीसाहेबांचा आवाज निखळ ऐकू आला. धडा एका नावाड्याचा होता. गावास पूल जाहला, नावेत कोणी बसेना, आणि म्हातारा एके सकाळी नाव धुऊन, तिचे दोर सोडू लागला. राजे ऐकत राहिले. तिसरे दिवशी इंदुमतीताईंचा फोन आला.

"चारू, विमान गेलं, पोतं गेलं. सोन्यासारखा आवाज लागलाय. पण नावाडी दोर सोडतो तिथं मागं कुणीतरी केवढा उसासा टाकलाय गं!"

राणीसाहेबांनी राजियांकडे पाहिले. राजे कानाचे पाळीपर्यंत लाल जाहले.

"तेवढा धडा परत वाच," ताई म्हणाल्या. "उसासा मुलांनी टाकायचा. आपण आधीच टाकून ठेवायचा नाही."

राणीसाहेबांनी बोट दाराकडे दाखविले. राजे उठले, उंबऱ्यापाशी थबकले. "अगं, पण पुढं नावेचं काय होतं?"

"पुस्तक तिथं टेबलावर आहे. घे आणि वाच."

राजियांनी पुस्तकाकडे पाहिले आणि ते तेथेच राहू दिले. म्हणाले, "नको. तू वाच," आणि बाहेर जाऊन हलके हाते दार ओढून घेतले.

येणेप्रमाणे मोहीम चार मास चालोन फत्ते जाहली. चारी पुस्तके दिवाळीआधी पोचली. संगणकास मूर्च्छा नाही, खोलीत आवाज नाही. पंत कार्तिकाची वाट पाहतात. राजे दारास कान लावून, तोंडावर हात धरून बसतात. लिहिले ते यथार्थ.