सासूबाईंचा नमुना

यंदा मुलाखतीत पुस्तकातली उदाहरणं द्यायची नाहीत, बोलीचा जिवंत नमुनाच ऐकवायचा, असं अभिमनने ठरवलं. एवढंच ठरवलं, आणि तिथंच पाय घसरला.

अभिमन धुळ्याचा, देवपुरातला. भाषाशास्त्रात पीएच.डी. आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं. (दारावर 'डॉ.' लावल्यापासून शेजारी खोकल्याचं औषध मागायचे.) संशोधन सहायकाच्या जागांसाठी त्याने इतके अर्ज केले होते, की नकाराचं मेल तो न उघडताच ओळखायचा. त्यात वयाची अट. यंदा नाही, तर कधीच नाही. आणि जाहिरात तर जणू त्याच्यासाठीच निघालेली: अहिराणीचं सर्वेक्षण, उमेदवाराने स्वतः टिपलेलं नैसर्गिक संभाषण सोबत हवं.

नैसर्गिक म्हणजे सासूबाई! चमेलीबाई शिरपूरकडच्या खेड्यातून लेकीकडे राहायला आल्या होत्या. समोर फोन धरला की त्या रेडिओवरच्या बाईसारखं शुद्ध बोलत. म्हणून अभिमनने पिठाच्या डब्यामागे फोनचं रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं आणि भाजी आणायला सटकला. परत आल्यावर सुरुवातीचं ऐकलं. भरताची वांगी, शेजारणीची सून, 'आहे'ला ठसठशीत 'शे', 'सगळा'ला ठसठशीत 'बठ्ठा'. तो इतका खूश झाला, की पुढचं ऐकायचं राहूनच गेलं.

विद्यापीठाची मुलाखत ऑनलाइन होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सुरुवातीला लोक जपून बोलतात. मधूनच लावा."

त्याने लावलं.

"तुना नवरा दिनभर काय करस वं?" चमेलीबाईंचा आवाज.

"अर्ज करस," त्याच्या बायकोचा, ज्योत्स्नाचा.

"त्यानापेक्षा म्हस बरी. दूध तरी देस!"

अभिमन बंद करायला धावला, तर घाईत आवाजच वाढला. "शिकी शिकी वाया गया हाऊ जवाई!"

अध्यक्षबाई भराभर टिपून घेत होत्या. "सुंदर! पण तुमच्याकडे जावयाला आदरार्थी बहुवचन लावत नाहीत का?"

"लावतात मॅडम." अभिमन अजून बंद करायची कळ चाचपत होता. "सगळ्याच जावयांना नाही."

"टिपण्याआधी या बाईंची परवानगी घेतली होती?" अध्यक्षबाईंशेजारच्या सरांनी विचारलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून चमेलीबाईच धावत आल्या. "हाऊ ते मना आवाज शे!" जावयाच्या खांद्यावरून त्या कॅमेऱ्यात डोकावल्या. "मी काही खोटं नई बोलनू, साहेब!"

मुलाखत तिथंच संपली.

संध्याकाळी ज्योत्स्ना चहा घेऊन शेजारी बसली. "रागावलात?"

"कशाला? 'अर्ज करतो' एवढंच म्हणालीस. खरंच आहे ते." चहा तसाच गार झाला. आता भरायला अर्जसुद्धा उरला नव्हता.

आठवड्याने विद्यापीठातून फोन आला. परवानगीविना टिपल्यामुळे जागा दुसऱ्याला दिली होती. नमुना मात्र अप्रतिम होता. सासूबाई राजी असतील, तर तो विद्यापीठाला संग्रहात कायमचा ठेवायचा होता.

"काय म्हनतस? नौकरी लागनी का तुमले?" चमेलीबाईंनी आशेने विचारलं.

"मला नाही घेतलं. तुमचं बोलणं घेताहेत."

चमेलीबाई पदर सारखा करून, पाट ओढून ऐसपैस बसल्या.

"मंग फोन चालू करा, जवाई. अजून बठ्ठं सांगानं बाकी शे."