यादीतली बिननावाची बाई

बव्हेरियातल्या ग्राउसलिंग गावात शेती-अनुदानाची पारदर्शकता पूर्ण यशस्वी झाली आणि त्यापायी क्रेसेन्झ ऊर्फ झेन्झी आईग्नरच्या दोन गाई गेल्या. असे काहीही घडलेले नाही, हे कृषी कार्यालयाने लेखी कळवले आहे. तेव्हा आपणही घडले नाही असेच धरून चालू.

न घडलेली हकीकत अशी. अनुदान कोणाला किती मिळाले, याची यादी सरकार दरवर्षी संगणकावर सर्वांना खुली करते. साडेबाराशे युरोंच्या आत मिळालेल्याचे नाव मात्र छापत नाहीत. अब्रू राहावी म्हणून नुसता क्रमांक देतात. ग्राउसलिंगमध्ये शेतकरी नऊ. यादीत गावची नावे आठ, क्रमांक एक. एवढी वजाबाकी गावाला येत होती.

"आपली नावं छापताना लाज नाही वाटली, मग झेन्झीचंच का लपवलं?" पाववाली आफ्रा गिऱ्हाइकांना विचारू लागली.

"रक्कम लिहिलीय की. अकराशे चाळीस," एक गिऱ्हाईक म्हणाले.

"नाव लपवणारे रक्कम खरी लिहितील होय?"

देशभरच्या त्या यादीच्या माथ्यावर एका गुंतवणूक कंपनीपुढे चार लाख युरो छापले होते. पण ती कोणाच्या शेजारी राहत नव्हती, त्यामुळे चर्चेला निरुपयोगी होती.

सोमवारी सकाळी अग्निशमन दलाचे पाच जण क्रेसेन्झच्या दारात आले, फोडलेली लाकडे मांडून त्यांवर गुडघे टेकून बसले. दलाला नवा ध्वज हवा होता. ध्वजाला ध्वजमाता लागते, आणि ध्वजाचा नि तीन दिवसांच्या बिअरचा खर्च मातेकडे असतो. ती हो म्हणेपर्यंत लाकडावरून उठायचे नाही, अशी रीत. आजवर कोणी नाही म्हटलेले नव्हते.

"झेन्झीकाकू, हो म्हणा. गुडघे गेले," दलप्रमुख कोर्बिनियान म्हणाला.

"अरे, माझ्याकडे चार गाई आहेत."

"दिसायला चार," खजिनदार समजूतदारपणे म्हणाला.

त्यांना बिअर देऊन क्रेसेन्झ तडक बसने तालुक्याला गेली.

"बाई, माझं नाव छापा," तिने कार्यालयातल्या फॉइग्टबाईंना सांगितले.

"नाही छापता येत. तुमचा खासगीपणा आम्हाला जपायचा असतो."

"माझाच आहे ना? मीच सांगतेय."

"असेल तुमचा. जपायचं खातं आमच्याकडे आहे."

"मग मला एवढेच मिळतात असा दाखला द्या."

"दाखला दिला तर तो क्रमांक तुमचा आहे हे उघड होईल."

"झालंय उघड. दारात पाच माणसं गुडघ्यावर आहेत."

फॉइग्टबाईंनी नियम काढून पाहिला. "तशी नोंद आमच्याकडे नाही. म्हणजे उघड झालेलं नाही." आणि शिक्का मारून तसे लिहून दिले. वर नाव नव्हते. 'संबंधित व्यक्तीस' एवढेच.

कोर्बिनियानने ते पत्र लाकडावरूनच वाचले. "साध्या बाईला एवढा मोठा शिक्का मारतात?"

संध्याकाळी क्रेसेन्झ हो म्हणाली. दोन गाई विकल्या गेल्या. गाई घटल्या तसे पुढच्या वर्षी अनुदानही घटले, आणि बाईने आता पैसा परदेशात हलवला याबद्दल गावाची खात्री पटली. चर्चला नवी घंटा हवी म्हणून तिथली मंडळीही लाकडे घेऊन दारात आली.

त्याच दिवशी तिने कार्यालयाला अर्ज पाठवला. 'विषय: पारदर्शकता वाढवणेबाबत. महोदय, ही यादी कोणी उघडली, कितीदा उघडली आणि कोणत्या शेजाऱ्याच्या नावापाशी किती वेळ थांबले, त्याची नाव-पत्त्यासह स्वतंत्र यादी दरवर्षी प्रसिद्ध करावी. वाचणाऱ्यांचा खासगीपणा जपण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'