ठिगळांची चादर

शालनच्या पिंडाला कावळा शिवेना.

भाईंदरच्या खाडीवर दहाव्याची माणसं अर्ध्या तासापासून उन्हात उभी होती. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या विजेच्या तारेवर सात जण बसले होते, पण एकही पिंडाकडे बघत नव्हता. गुरुजींना पुढे अजून दोन दहावे होते. ते म्हणाले, "बाईंची काही इच्छा राहिली असेल. बोला, शब्द द्या."

मुलगा जितेंद्र पुढे झाला. "आई, पप्पांना एकटं पडू देणार नाही." कावळे बसून राहिले. मग सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुमच्या बेडरूमच्या भिंतीतलं लीकेज ह्या महिन्यात काढून देतो." तारेवरचे दोन कावळे उडून गेले.

तेव्हा शालनचा धाकटा भाऊ बबन मागून म्हणाला, "भावोजी, अण्णांचा बिल्ला. हॉस्पिटलात ताई म्हणाली होती, माझ्यामागे तो बबनला द्या."

शालनच्या नवऱ्याने, दशरथने, ते हॉस्पिटलात ऐकलं होतं. दहा दिवस तो ते न ऐकल्यासारखं करत होता.

अण्णा म्हणजे शालनचे वडील. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी होते. त्यांच्या बाहीवरचा कापडी बिल्ला, निळ्यावर लाल धाग्याचा तारा, शालनने माहेरून आणला होता. लग्नानंतर आठव्या दिवशी तिने तो दशरथपुढे धरला. दशरथ तेव्हा गोदीत, नेव्हीच्या स्टोअरमध्ये कारकून होता.

"अण्णा तोफेवर होते," ती म्हणाली. "हा त्याचाच ना?"

ताऱ्याच्या मधलं अक्षर कसरीने खाल्लं होतं. दशरथने बिल्ला उलटा केला. मागच्या बाजूला टाक्यांची भोकं शाबूत होती आणि ती इंग्रजी सी या अक्षराची होती. सी म्हणजे कुक. अण्णा बोटीवर भात शिजवत होते. नवी बायको समोर उभी होती आणि श्वास रोखून बघत होती.

"हा शौर्याचा तारा," दशरथ म्हणाला. "तोफेवर फार चांगलं काम केलं की देतात."

त्यानंतर चौतीस वर्षं तो या आशेवर होता की आपण चुकलो असू. दर शुक्रवारी जुन्या बाजारात जाऊन तो युद्धातल्या खलाशांचे बिल्ले धुंडाळायचा. तिरक्या दोन तोफा म्हणजे तोफवाला. पंख आणि वीज म्हणजे वायरलेसवाला. तीन पात्यांचा पंखा म्हणजे बॉयलरवाला. दोन निशाणं म्हणजे इशारेवाला. असे त्रेचाळीस बिल्ले जमले आणि एकूण एक ओळखता आले, पण ताऱ्यातला सी काही स्वयंपाकघरातून बाहेर पडला नाही. दर दिवाळीला साफसफाई करताना शालन म्हणायची, "अण्णांचं सांगा ना पुन्हा." असं सांगता सांगता अण्णांनी पाडलेली जपानी विमानं एकावरून तीनवर गेली.

मीरा रोडच्या खाऱ्या हवेत पिना गंजायच्या आणि प्लास्टिकच्या अल्बमला आतून घाम यायचा. म्हणून शालनने सगळे बिल्ले एका जुन्या पांढऱ्या चादरीवर ओळीने, सैल टाक्यांनी शिवून ठेवले होते. दशरथ सांगेल ते नाव ती प्रत्येकाखाली धोब्याच्या शाईने लिहायची. पहिला मान अण्णांच्या ताऱ्याला. त्याच्याखाली लिहिलं होतं, शौर्य. ती चादर कडुनिंबाचा पाला घालून तिच्या साड्यांच्या कप्प्यात ठेवलेली असायची.

आता हा तारा बबनला द्यायचा म्हणजे तो फ्रेम करून हॉलमध्ये लावणार. बबनच्या बिल्डिंगीत नेव्हीतून रिटायर झालेली दोन माणसं राहत होती. महिन्याभरात अण्णा आचारी झाले असते.

"पप्पा, बोला," जितेंद्र म्हणाला.

"तेराव्याला देतो," दशरथ तारेकडे बघून म्हणाला. "शब्द."

मधला कावळा उतरला, पिंडाला चोच लावली आणि निघून गेला. गुरुजी "झालं" म्हणाले आणि पुढच्या पिंडाकडे वळले.

बाराव्या दिवशी दुपारी दशरथने कपाट उघडलं. साड्यांचा कप्पा रिकामा होता. कडुनिंबाची चार पानं तेवढी राहिली होती. तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर एक नवंकोरं स्टीलचं पातेलं होतं.

"रुचिता, हे कुठलं?"

जितेंद्र आणि रुचिता पुण्याला असायचे. सून बारा दिवस एकटी शांती नगरचं हे घर ओढत होती. "उद्याच्या खिरीला मोठं पातेलं नव्हतं ना पप्पा. काल ती बोहारीण आली होती, गोदूबाई. सुतक फिटलंय म्हणून आईंच्या रोजच्या साड्या दिल्या तिला. किती रडली ती. आईंशी वीस वर्षं भांडलेय म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, एवढ्यात पातेलं बसत नाही."

"मग?"

"मग ती ठिगळांची चादर पण टाकली. घडी उलटी होती, नुसते टाकेच टाके. मला खरंच भरून आलं, पप्पा. आई इतक्या काटकसरीने राहिल्या आणि आम्हाला कधी बोलल्या नाहीत. आम्ही दोन नव्या चादरी तरी पाठवल्या असत्या."

दशरथ खुर्चीवर बसला.

"झाकण वरती फुकट दिलं तिने," रुचिता हळूच म्हणाली. "मयताचं घर म्हणून."

बबन बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. त्याने सगळं ऐकलं आणि चपला घातल्या. "चला भावोजी. मी पण येतो."

"तू कशाला? ऊन आहे."

"माझाच बिल्ला आहे ना?"

दशरथने पण चपला घातल्या.

केबिन रोडच्या मागच्या गल्लीत गोदूबाईची खोली होती. ती कपड्यांच्या ढिगाऱ्यात बसून बटणं तोडत होती. दशरथला बघून तिने पुन्हा डोळ्यांना पदर लावला.

"चादर कुठाय, गोदूबाई?"

"ती कोन घेनार? तिकडं हाटकेशला एका कारखान्यात दिली, मशिनी पुसायला."

"तिच्यावर काय होतं ते बघितलं नाहीस?"

"बघितलं की. बाईंची पोलकी पन मी अशीच शिवलेली नेली हाय. मला वाटलं, हाताला चाळा असंल." तिने दशरथच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "पातेलं परत आनलंय का?"

"नाही."

"मंग मी तरी काय करू, भाऊ?"

हाटकेशचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये पाच लेथ मशिनं. तिथे नळांचे सुटे भाग व्हायचे. चादरीचे वीतभर चौकोन कापून झाले होते. बिल्ल्यांनी तेल नीट पुसलं जात नव्हतं, म्हणून कामगारांनी ते उसवून काढले होते, आणि फेकून देण्यासारखे दिसत नव्हते, म्हणून शर्टांना टाचले होते. दारावरचा वॉचमन वायरलेसवाला झाला होता. झाडू मारणारे मामा पाणबुड्या शोधणारे होते. दोघा हेल्परांकडे तर पाच-पाच हुद्दे होते.

दशरथ दारात उभा राहिला. त्याला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तो वॉचमनला म्हणाला, "वीज खाली हवी. तू पंख उलटे लावलेत."

"सॉरी साब," वॉचमन म्हणाला आणि दुरुस्त करायला लागला.

बबनने सगळ्यांना गोळा करून खरं ते सांगितलं. बायको जाऊन आज बारावा दिवस आहे म्हटल्यावर माणसं एकेक बिल्ला काढून दशरथच्या हातावर ठेवू लागली. अडतीस परत आले. उरलेले पाच कुठे गेले कोणाला माहीत नव्हतं. दशरथने चिंध्यांच्या डब्यात हात घातला. तेलाने काळे झालेले चौकोन तो वर काढून बघायचा आणि ज्यावर शालनचं अक्षर असेल तो घडी करून खिशात ठेवायचा. पांढरा शर्ट खिशापासून खाली काळा होत गेला. बबन म्हणाला, "भावोजी, राहू दे." तो थांबला नाही.

तारा ईश्वरकडे होता. तो तिथला मुख्य टर्नर. त्याने बिल्ला खालच्या अक्षरांसकट कापून छातीच्या खिशावर लावला होता.

"बाकीचे न्या काका. हा नाही देणार," तो म्हणाला. "ह्याच्याखाली लिहिलंय."

"माझ्या सासऱ्यांचा आहे तो."

"असेल. मागच्या वर्षी ह्या मशिनने माझं बोट नेलं." ईश्वरने चार बोटांचा हात वर केला. "दुसऱ्या दिवशी मी कामावर होतो. शेठने टिंक्चर दिलं. बास. काल पहिल्यांदा मला कोणीतरी शौर्य दिलंय."

दशरथने मुठीतल्या तिरक्या तोफा पुढे केल्या. अख्ख्या चादरीत तोच बिल्ला सगळ्यात दुर्मीळ होता. "ही खरी तोफ आहे. हिच्या बदल्यात दे."

"तिच्याखाली शौर्य लिहिलंय का?"

"नाही."

"मग राहू दे."

उद्या तेरावं होतं. कावळ्याला शब्द दिला होता. दशरथने एकदा बबनकडे बघितलं आणि मग मशिनकडे बघून म्हणाला, "ते खोटं लिहिलंय. तो आचाऱ्याचा बिल्ला आहे."

एक लेथ चालू होतं. तेही कोणीतरी बंद केलं.

"आचाऱ्याचा म्हणजे?"

"बोटीवर भात-डाळ करणाऱ्याचा. ह्या तोफा लढणाऱ्याच्या."

ईश्वरने मान खाली करून खिशाकडे बघितलं. "घरी कळलं तर बायको हसेल," तो म्हणाला, आणि पिन काढली. "मग तोफा द्या."

दशरथने तोफा त्याच्या बाहीवर स्वतः लावून दिल्या.

दोघं रिक्षाने परत निघाले. रेल्वे फाटकाकडे जाणाऱ्या गर्दीत रिक्षा अडली तेव्हा दशरथ म्हणाला, "बबन, मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"अण्णांबद्दल. मला आधीच सांगायला पाहिजे होतं."

"काय, ते आचारी होते ते?" बबन म्हणाला. "भावोजी, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आई सांगायची, लढाईभर हा माणूस कांदे चिरत होता. म्हणून घरी कांद्याला हात लावायचा नाही."

"मग शालन तोफेवर म्हणाली ते?"

"थाप. तुमच्या घरच्यांपुढे बरं दिसावं म्हणून. तुमच्यासमोर बिल्ला ठेवला तेव्हा घाबरली होती ताई. नेव्हीतला माणूस, लगेच ओळखेल. आणि तुम्ही म्हणालात, शौर्याचा."

"मग?"

बबनने बाहेर बघितलं. "मग माहेरी आल्यावर आईला म्हणाली, ह्यांना काही कळत नाही गं. नेव्हीत नोकरी आहे, पण साधा बिल्ला ओळखता येत नाही. कोणी बोलू नका, वाईट वाटेल त्यांना."

"चौतीस वर्षं?"

"दर दिवाळीला विचारायची ना तुम्हाला? आतातरी ओळखताय का ते बघायला. एवढे बिल्ले आणताय, कधीतरी येईलच ओळखता, म्हणायची. आम्ही तुमच्याकडे यायच्या आधी तिचा फोन असायचा. यंदा विमानं किती झाली ते सांगायला."

गर्दी सुटली. रिक्षा निघाली. दशरथने खिशातले तेलकट चौकोन दाबून धरले होते. मला येत होतं ओळखता, हे सांगायचं एकच माणूस होतं, आणि ते राहिलं नव्हतं.

तेराव्याला जेवणाआधी त्याने सगळ्यांसमोर तारा बबनच्या हातात ठेवला, खालच्या अक्षरांसकट. सेक्रेटरींनी वाकून वाचलं.

"शौर्य. वा. किती विमानं म्हणायची वहिनी?"

"तीन," दशरथ म्हणाला.

"चार," बबन म्हणाला. "एक तुम्हाला माहीत नव्हतं, भावोजी."

गोदूबाईच्या पातेल्यातली खीर, वडा आणि भात वाढून रुचिताने पान खिडकीच्या ग्रिलवर ठेवलं. समोरच्या पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता. तो येईना. आतमध्ये पंगत खोळंबली होती.

"पप्पा, आता काय राहिलं?"

"तू आत जा."

ती गेल्यावर दशरथ ग्रिलला तोंड लावून हळू म्हणाला, "शालन, मला ओळखता येत होता. पहिल्या दिवसापासून. मागच्या भोकांवरून."

कावळ्याने मान तिरकी केली. जागचा हलला नाही. दशरथ थांबला. खीर निवत होती.

"अगं, खरंच येत होता."

कावळ्याने पाठ फिरवली.

दशरथने मागे वळून बघितलं. कोणी ऐकत नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "नव्हतं येत."

कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला.