वाल सोलण्याची शिक्षा

दर वर्षी नाताळच्या दोन दिवस आधी आमच्या शेजारच्या सुजाताताई भोईर दाराची बेल वाजवतात, कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवतात आणि बजावतात, "सर, एक तारखेपर्यंत कोनाला द्यायची नाय. मी मागितली तरी नाय."

कपाटात दागिने नसतात. मुलांची पुस्तकं, वह्या, कंपासपेट्या आणि पोचा आलेला एक पृथ्वीचा गोल असतो. भोईरांची जुई आणि पार्थ शाळेत जात नाहीत, आईच त्यांना घरी शिकवते. तेव्हा घरच्या शाळेला घरच्या घरी सुट्टी लागते आणि ती कुणी मोडू नये म्हणून हा बंदोबस्त.

मी उल्हासनगरच्या एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त होऊन बदलापूरला आलो आणि शेजारी शाळेत न जाणारी मुलं निघाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी बाईंना चांगलं ऐकवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की पार्थच्या पोटात रोज सकाळी सात वाजता दुखायचं आणि शाळेची बस गेली की थांबायचं. डॉक्टरांना कारण सापडलं नाही, बाईंना सापडलं. मग मी विचारलं, तुमचं स्वतःचं शिक्षण किती? तर त्यांना एकदम गॅसवरच्या कुकरची आठवण झाली. हा प्रश्न कुणीही केला की त्यांना कुकर आठवतो, हे मला पुढे कळलं.

"सुट्टी म्हंजे सुट्टी," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या दिवसांत मुलांना उठायची वेळ नाही, आंघोळीची सक्ती नाही. गच्चीत सतरंजी पडते, पेरूच्या फोडींना तिखटमीठ लागतं. अंबरनाथच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेले भोईर तिथेच उन्हात घोरत पडतात. फक्त शिकायला सक्त मनाई. जो शिकेल, शिकवेल किंवा "आज काय शिकलास?" असं विचारेल, त्याने बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायचे. हे काम ज्याने केलंय त्यालाच माहीत. साल निघता निघत नाही आणि निघाली की आतली डाळिंबी थेट सोफ्याखाली जाते.

सगळ्यात जास्त वाल कुणी सोलले असतील? मी. चौतीस वर्षांची सवय, तोंड गप्प बसत नाही. यंदा पार्थने गच्चीत टाकीच्या सावलीच्या टोकाला रोज भर दुपारी खडूची खूण करायला घेतली. आठवड्याने मला विचारलं, "सर, सावली दोन बोटं आखडली, कशी काय?" मी सूर्य, उत्तरायण, सगळं सांगून मोकळा झालो. मागे वळलो तर बाई परात घेऊन उभ्या. सावली मोजणारा सुटला, कारण त्याने म्हणे नुसती गंमत केली होती. शिकवणारा मी सापडलो.

मनात मात्र कबूल करत होतो, की आमच्या वर्गात चाळीस पोरांना मी भूगोलाच्या बदली तासाला उत्तरायण फळ्यावर शिकवलं, पण सावली मोजायला एकही पोर आपणहून गेलं नाही.

सुट्टी संपायला दोन दिवस होते. मुलं गच्चीत होती. दुपारी बेल वाजली. दारात सुजाताताई.

"सर, किल्ली द्या."

मी म्हटलं, तुम्ही मागितली तरी द्यायची नाही, असं ठरलंय. मला वाटलं माझी परीक्षा चाललीय, म्हणून मी जरा ऐटीतच नकार दिला. त्या हसल्या नाहीत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"माझं पुस्तक राहिलंय आत," त्या म्हणाल्या. "गनिताचं. धावीचं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नववीत असताना आई गेली, पाठीवर दोन भाऊ, घरची चूल त्यांच्याकडे आली आणि शाळा सुटली. जुईला शिकवायला घेतलं तेव्हा तिच्या आधी रात्री जागून स्वतः पाचवी केली, मग सहावी, सातवी, आठवी. आणि यंदा कुणालाही न सांगता बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता.

"पुढल्या वर्षी जुई नववीत. त्याच्यापुढं मीच कदी गेली नाय, सर. मग तिला नेनार कशी?" त्यांनी ओढणीला आणखी एक वेढा दिला. "मार्चला परीक्षा हाय. नापास झाली तर पोरांना काय तोंड दाखवू?"

मी किल्ली दिली. खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटली. ज्या बाईला मी शिक्षण विचारून कुकरकडे पळवलं होतं, ती माझ्या भिंतीपलीकडे एकटी, एकेक इयत्ता चढत होती आणि मला पत्ता नव्हता.

आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. वर्गसमीकरण. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा त्यांनी एकटीने सोडवलं. इतक्यात जुई पाणी प्यायला खाली आली. उघडं कपाट, पुस्तक, आईच्या हातातली पेन्सिल, तिने सगळं पाहिलं. सुजाताताईंनी पुस्तक झाकायला हात पुढे केला.

जुईने तो हात तसाच धरला. मग स्वयंपाकघरात गेली, वालाची परात घेऊन आली, आईला खेटून बसली आणि एक वाल सोलून म्हणाली, "आता विचारते. आई, आज काय शिकलीस?"

 सुजाताताईंनी ते समीकरण पहिल्या पायरीपासून मुलीला समजावून सांगितलं. मध्ये एक शब्द इकडचा तिकडे झाला. चौतीस वर्षांत असा शब्द मी दुरुस्त केल्याशिवाय सोडला नव्हता. तो सोडला, परात जवळ ओढली आणि वाल सोलायला बसलो.