आयाळवाला लाकडी मासा

एका जंगलात एक सिंह होता, आणि बाळांनो, तोच राजा होता. निवडणूक झाली होती का, हे विचारायचं नाही. गोष्ट ऐकायची.

महाराजांचे गुडघे गेले होते. दात मात्र शाबूत होते. हरणांमागे धावणं जमेना, म्हणून वैद्य अस्वलाने मासे खायला सांगितले. महाराजांनी फर्मान काढलं, "आम्ही स्वतः गळ टाकणार. माशांना भुलवायला एक लाकडी मासा करून आणा. त्याला काही लागलं नाही, तर करणाऱ्यालाच खाऊ."

काम पटकावलं हुप्पाजी माकडाने. खाण्याची अट त्याने मनावर घेतली नाही. काम पटकावताना अटी कोण मनावर घेतं?

त्याने पांगाऱ्याचं हलकं लाकूड कोरून मासा केला आणि लगेच रंगाच्या वाट्या मांडल्या. शेजारची सगुणाअक्का बघत होती. ही अक्का म्हणजे पाणमांजर. लाकडी मासे करून गळाला लावण्यात तिचा जन्म गेला होता.

"अरे, आधी जवसाचं तेल पाज त्याला," ती म्हणाली. "मुरू दे. मग लाखेचं अस्तर दे, वाळू दे. रंग शेवटी. कोरं लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि रंगाचे पोपडे निघतात."

"अक्का, अस्तर दिसतं का कुणाला?"

"नाही."

"मग त्याला टाळ्या कोण वाजवणार?"

असं म्हणून त्याने तेल आपल्या शेपटीला चोपडलं आणि मासा रंगवायला घेतला. लाल कल्ले, पिवळं पोट, डोळ्यांना लांब पापण्या. माशाला पापण्या नसतात, पण हुप्पाजीचा हात एकदा सुरू झाला की थांबत नसे. शेवटी त्याने माशाला आयाळ काढली. हुबेहूब महाराजांची.

डोहाकाठी दरबार भरला. मासा बघून सगळे वाहवा करू लागले. भुकेल्या महाराजांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि एक थेंब टपकन माशाच्या शेपटीवर पडला. तिथला रंग फुगला आणि त्याचा पोपडा गळून पडला.

हे फक्त हुप्पाजीने पाहिलं. एका थेंबाने ही गत, तर डोहात काय होणार? आता ती अट त्याला शब्दन् शब्द आठवली. महाराजांनी तर गळ हातात घेतलासुद्धा.

"थांबा महाराज!" उघड्या लाकडावर अंगठा दाबून हुप्पाजी ओरडला. "गळाचा आकडा कुठे अडकवणार?"

"तोंडात. आणखी कुठे?"

"आयाळ असलेल्या तोंडात? आपलं मुखकमल आकड्याला लटकलेलं प्रजेने बघायचं? आणि एखाद्या फडतूस शिंगाडा माशाने ते गिळलं म्हणजे?"

दरबार हादरला. महाराजही हादरले. "मग या माशाचं करायचं काय?"

"मखरात ठेवायचा, महाराज. पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही."

महाराज गहिवरले. लगेच मखर आलं. पण मखराने पोट भरत नाही. थोड्या वेळाने महाराज हुप्पाजीकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले, आणि तो हळूच मखरामागे सरकला.

सगुणाअक्काला त्याचा राग आला होता, पण शेजाऱ्याला डोळ्यांदेखत खाल्लेलं तिला बघवलं नसतं. तिने आपला बिनरंगाचा, तपकिरी मासा गळाला लावून डोहात सोडला. बघता बघता एक मोठी मरळ लागली.

महाराजांनी मरळ खाल्ली, ढेकर दिली आणि अक्काचा मासा उचलून बघितला.

"शी! याला रंगच नाही! दरबारात असलं काही आणताना लाज नाही वाटली?"

शिक्षा म्हणून अक्काने रोज महाराजांसाठी मासे धरावेत असं ठरलं. हुप्पाजीला 'मत्स्यकलाभूषण' हा किताब मिळाला. हल्ली तो तरुण माकडांना व्याख्यानं देतो. विषय असतो, अस्तराचं महत्त्व.

तात्पर्य : लाकडात तेल मुरायला फार वेळ लागतो, राजात स्तुती लगेच मुरते. म्हणून घाईच्या वेळी लाकडाच्या नादी लागू नये. आणि बाळांनो, ज्यांचं अस्तर पक्कं असेल, त्यांनी उद्या सकाळी लवकर उठून मासे धरायला जावं. महाराजांना भूक लागलेली असते.