झाकलेली भेदरं

किसनाजीच्या घरी जाताना रामराम केला नाही तरी चाले, पण नजर जमिनीवर ठेवावी लागे. "डोये घरी ठिवून येत जा," असं तो येईल त्याला सांगे. मलाही, आणि मी तर त्याच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. घाटंजीच्या कापसाच्या जिनात फिटरकी करण्यात जन्म घालवलेला हा विधुर माणूस फक्त एका गोष्टीला भीत असे, दुसऱ्याच्या नजरेला.

वयाच्या साठीच्या आसपास त्यानं परसात भेदरं लावली. शहरातल्यांसाठी सांगतो, भेदरं म्हणजे टमाटे. बोरी अरबला दिलेल्या त्याच्या एकुलत्या एका मुलीला, शांतीला, पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि तिला बापाच्या परसातली कच्ची भेदरं खायचे डोहाळे लागले होते. बाजारातून आणून धाडावीत, तर ती बाजारभर लोकांनी पाहिलेली. फुलं दिसताच किसनाजीनं बायकोची जुनी लुगडी पेटीतून काढली आणि एकेक झाड पार शेंड्यापर्यंत गुंडाळलं.

फुलं यायची आणि गळायची. मग त्यानं शेण घातलं, राख घातली, ताक पाजलं. झाडं पानांनी माजली, फळाचं नाव नाही. दोष अर्थात आमचा. धुणं वाळत घालताना आईनं तिकडे पाहिलं म्हणून तिच्याशी बोलणं बंद. मी चिडून सांगितलं की आत वारा जात नाही, माशी जात नाही, फूल हललंच नाही तर फळ धरेल कसं? त्यावर त्यानं उलट मलाच विचारलं, फुलं गळतात हे मी कधी पाहिलं? मला त्याचा संताप यायचा. शांतीला सातवा लागला होता, आणि हा स्वतःच्या हातानं झाडांचा गळा आवळत होता.

माघात एका सकाळी पाहतो तर झाडं उघडी. आली अक्कल, असं म्हणत मी ऐटीत कुंपणापाशी गेलो. "काढलं ना शेवटी कापड, किसनाजी?"

तो लुगड्याची घडी घालत होता. "काल बोरीहून माणूस आलता. पोरीचं पोट पडलं," तो म्हणाला. "लागाची ते नजर लागून गेली. आता कायले झाकू?"



पुढे वारा लागला आणि त्या चांडाळ झाडांना इतकी भेदरं धरली की फांद्या मोडायला आल्या. मला ती बघवत नसत. किसनाजी मात्र रोज खुडायचा, गल्लीत कोण पोटुशी आहे ते विचारायचा आणि तिच्या दारी ओंजळभर कच्ची भेदरं नेऊन द्यायचा. देताना मान दुसरीकडे वळवायचा. मी एकदा कारण विचारलं.

"माहीच नजर खराब असन तं?" तो म्हणाला.